अर्विड स्कोगेनचं गाढव

मोंटानाच्या त्या गव्हाच्या पट्ट्यात शेजाऱ्याच्या घरातला दिवा दिसला, तरी माणसाला फार गर्दी झाल्यासारखं वाटतं. अशा ठिकाणी अर्विड स्कोगेनच्या एका वाक्यासाठी लोक चाळीस-चाळीस मैल गाडी हाकत येत. वाक्य असं : "कुण्या गाढवानं हिला घासूनपुसून नवरी करून ठेवलीय!"

यातली 'ती' म्हणजे आजोबांची रायफल. खालची दांडी पुढे ढकलून मागे ओढली की नवं काडतूस चढतं, त्या जुन्या पद्धतीची. त्या भागात बायबल आणि अशी एक रायफल नाही, असं घर सापडायचं नाही. दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात, दोन्हींवर धूळ बसते, आणि दोन्हींबद्दल घरातली माणसं जे सांगतात ते पुष्कळदा आत सापडत नाही.

शिकारीचा हंगाम संपला, की पहिल्या शनिवारी विलो फोर्कच्या ल्युथरन चर्चच्या तळघरात रायफलींची पारख व्हायची. काडतुसं गाडीत ठेवायची, बूट दारात झटकायचे, दहा डॉलर डब्यात टाकायचे आणि अर्विडसमोर रांगेत बसायचं. डब्यातले पैसे चर्च उबदार ठेवणाऱ्या भट्टीसाठी. ही भट्टी दर हिवाळ्यात ऐन प्रार्थनेच्या वेळी बंद पडायची. बायका कॉफी आणि लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून द्यायच्या. रायफल नसलेलेही दहा डॉलर टाकून नुसते ऐकायला बसत, यातच सगळं आलं.

अर्विड आधी रायफलीकडे बघतच नसे. डोळे मिटून गोष्ट ऐकायचा. प्रत्येकाच्या आजोबांनी कुठल्या तरी नामांकित दरोडेखोराला याच रायफलीनं पळवून लावलेलं असायचं. एवढे दरोडेखोर त्या मुलखात खरोखर असते, तर गहू पेरायला माणूस उरला नसता. गोष्ट संपली की अर्विड म्हणायचा, "छान आहे. हिचे पैसे नाहीत. आता लोखंड दाखवा."

मग त्याची बोटं चालायची. आधी क्रमांक, त्यावरून साल. मग नळीवरची अक्षरं : नख अडकतं की घसरतं? कडा धारदार आहेत की साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्यात? लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर आहे की खाली बसलंय? खाली असेल तर कुणीतरी काचकागदानं घासलंय. नळीत उजेड टाकून आतली वळणं बघायची, दांडी हलवून तिचा खुळखुळाट ऐकायचा. स्क्रूला मात्र तो हात लावायचा नाही. "स्क्रू फिरवला की खाच बिघडते, खाच बिघडली की भाव पडतो," असं तो सांगायचा. ते खरंच होतं. लोक म्हणत, काय काळजी घेतो म्हातारा!

स्क्रूला हात न लावण्याचं दुसरंही एक कारण होतं. ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं अर्विड समजत होता.

ते गाढव तो स्वतः होता.

बावीस वर्षांचा असताना अर्विड बंदुकांचं काम शिकून गावी परतला आणि धान्याच्या कोठारामागे त्यानं दुकान थाटलं. दुकानात एक मोठी टाकी. तिच्यात क्षारांचं पाणी उकळत ठेवायचं, चाकावर घासून चकचकीत केलेली रायफल त्यात बुडवायची. बाहेर येताना ती काळ्याभोर निळ्या रंगात अशी न्हाऊन निघायची, की बघणाऱ्याचा चेहरा तिच्यात दिसावा. त्या काळी तिथे रीतच पडून गेली. मुलानं पहिला एल्क, म्हणजे तिकडचं थोरलं सांबर, मारला की आजोबांची रायफल त्याच्या नावावर करायची, आणि हातात देण्याआधी ती अर्विडकडून नवी करून आणायची. आया म्हणायच्या, "इतकी वर्षं कोपऱ्यात तोंड लपवून उभी होती, आता बैठकीत लावता येईल." अर्विडलाही धन्य वाटायचं. शंभर वर्षांचा डाग, घाम, खोगिराचे ओरखडे, सगळं तो साफ पुसून टाकायचा. काम झालं की दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडून आतल्या लाकडावर तीन ठिपके ठोकायचा. आणि मोठ्या दिमाखात दाखवायचा, "हे तीन ठिपके म्हणजे मी. तुमची पतवंडंसुद्धा बघतील."

पुढे जमाना पालटला. पूर्वेकडून संग्राहक येऊ लागले, भावांची पुस्तकं निघाली. एकदा असाच एक संग्राहक जत्रेत आला. कुणाच्या तरी गोठ्यातून आलेली, तपकिरी पडलेली, हात लावताना किळस यावी अशी रायफल त्यानं डोळ्यांत पाणी आणून विकत घेतली. शेजारी अर्विडच्या हातची सर्वांत देखणी रायफल ठेवलेली होती. तिच्याकडे त्यानं नासलेल्या दुधाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाला, "अरेरे. घासलेली. निम्म्याहून कमी भाव. आता हिचं काही होत नाही."

अर्विड घरी आला आणि टाकी रिकामी केली. बायकोनं, लोर्नानं विचारलं, तर म्हणाला, "वाफेनं डोळे चुरचुरतात." डोळे चुरचुरत होते हे खोटं नव्हतं. घासायचं चाक त्यानं मोटारींचे बंपर चमकवणाऱ्या एका माणसाला विकलं. मग भावांची पुस्तकं आणली, आणि आपण काय काय बुडवलं ते शिकत बसला. एखाद्याला पाप कळायला धर्मग्रंथ लागतो. अर्विडला ते भावांच्या पुस्तकातून कळलं. इतकं नीट कळलं, की त्या मुलखात त्याच्याइतका जाणकार पारखी दुसरा उरला नाही.

पहिल्याच पारखीला त्याच्यासमोर त्याच्याच हातची रायफल आली. मालकानं विचारलं, "निम्मी का हो?" अर्विडच्या मनात खरं सांगायचं होतं. 'मी' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. बाहेर पडलं गाढव. तळघर हसून हसून लोटपोट झालं. आणि लोक ज्यावर हसले ते वाक्य माणूस सहजी सोडत नाही.

तेव्हापासून तीस हिवाळे गेले. गाढवाला अर्विडनं काय काय म्हटलं नाही! आंधळं म्हणाला, कर्मदरिद्री म्हणाला, एकदा तर "याला वाळवंटात सोडून यायला हवं होतं" असंही म्हणाला. ज्यांनी त्याच्याकडे रायफली आणल्या होत्या, ठिपके पाहिले होते, ती माणसं एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत गेली, आणि अर्विडला हळूहळू निर्धास्त वाटू लागलं. रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून 'आम्ही चुकलो' असं म्हणत, तो भाग त्याला मनापासून आवडायचा. एकतर ते अनेकवचनात असतं. आणि काय चुकलं, हे कुणी विचारत नाही. देवाला ठाऊक असणारच. पण देव गावभर सांगत फिरत नाही, एवढा त्याचा विश्वास होता.

आता हे असंच शेवटपर्यंत चाललंही असतं. पण मध्ये इडेला ब्रेक्के आली.

इडेला रुबेन ब्रेक्केची विधवा. रुबेन जाऊन चार वर्षं झाली होती, लोर्नाला जाऊन त्याहून जास्त. चर्चमध्ये इडेला अर्विडच्या पुढच्याच बाकावर बसायची. तिची पांढरी वेणी बघत बघत त्याची किती प्रवचनं सरली होती. पुढच्या आठवड्यात लुटेफिस्कचं वार्षिक जेवण होतं. लुटेफिस्क म्हणजे आधी वाळवलेला, मग क्षारात भिजवलेला, थरथरणारा मासा. तो आवडतो असं म्हणणारा माणूस एकतर नॉर्वेकडच्या रक्ताचा असतो किंवा प्रेमात पडलेला. अर्विडनं दोन तिकिटं काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. पारख संपली की विचारायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तिला विचारण्याइतकी आपली पत आहे का, एवढाच प्रश्न होता. पत होती ती सगळी त्या टेबलावर होती.

त्या शनिवारी इडेला आली. काखेत गोधडीत गुंडाळलेली रायफल, मागे व्हिटकॉम नावाचा कॅलिफोर्नियाहून आलेला नवा शेजारी. त्यानं तिच्या पलीकडचं रँच घेतलं होतं आणि घरात अशी शेकोटी बांधली होती, की तिच्यात वासरू उभं राहावं. वर लावायला त्याला रायफल हवी होती.

"अर्विड, ही रुबेनची," इडेला म्हणाली. "मिस्टर व्हिटकॉमना विकत हवीय. तू सांगशील तो भाव, असं ठरलंय."

"तुम्ही म्हणाल तो आकडा," व्हिटकॉम चेकबुक थोपटत म्हणाला. "सगळे म्हणतात, तुमचा शब्द म्हणजे शब्द."

इडेलानं गोधडी उलगडली. अर्विडनं डोळे मिटायचे होते, गोष्ट ऐकायची होती. ते तो विसरला. अठराशे शहाऐंशी सालच्या घडणीची, मोठ्या काडतुसाची, भारदस्त रायफल. आणि तळघराचे सगळे दिवे तिच्या अंगात लखलखत होते. अर्विडनं ती लगेच ओळखली. ज्या उन्हाळ्यात इडेला आणि रुबेनचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यातली. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम. म्हणजे सर्वांत मोठं नुकसान.

"गोष्ट सांगू का?" इडेलानं विचारलं.

"नको," अर्विड म्हणाला.

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. अर्विड गोष्ट नको म्हणाला, असं आजवर झालं नव्हतं.

त्यानं क्रमांक बघितला. अक्षरांवर नख फिरवलं, नख घसरलं. कडा साबणाच्या वडीसारख्या. न घासलेली असती, तर पाच हजार डॉलरला मरण नव्हतं. अशी म्हणजे फार तर अठराशे. व्हिटकॉमला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गप्प राहून मोठा आकडा सांगितला, तर इडेलाचं भलं होतं, व्हिटकॉमची शेकोटी सजते, आणि गाढव कायमचं कॅलिफोर्नियावाल्याच्या भिंतीवर टांगलं जातं. कुणाचं काय बिघडतं? माणूस स्वतःला वाचवायला निघाला, की आधी दुसऱ्याचं भलं आठवतं.

खरं बोलायचं तर वाक्य म्हणायला हवं. आणि वाक्य म्हणायचं म्हणजे इडेलाच्याच तोंडावर, तिच्या लग्नातल्या रायफलीवरून, स्वतःला गाढव म्हणायचं आणि वर ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खपवायचं. बाकी सगळ्यांसमोर ते जमलं होतं. त्या पांढऱ्या वेणीसमोर जमेना.

"नग चांगला आहे," तो घसा खाकरून म्हणाला. "यंत्र घट्ट आहे. नळी स्वच्छ. तर… पाच हजारांच्या…"

"अहो अर्विड!" मागून डेल होव्लंड ओरडला. हा पन्नाशीचा शेतकरी, तोंडात कायम लेफ्सा. "आज गाढव कुठे गेलं?"

हशा पिकला.

"पेंड खायला गेलं असेल," दुसरा म्हणाला.

"दहा डॉलर भरलेत आम्ही! गाढव दाखवा!"

"गाढव म्हणजे?" व्हिटकॉमनं विचारलं.

अर्विडच्या कपाळावर घाम आला. खरं तर भट्टी नेहमीप्रमाणे बंद होती.

इडेला टेबलावर थोडी पुढे वाकली. "म्हण की, अर्विड. चाळीस मैल बर्फातनं गाडी चालवत आलेय मी. ते वाक्य ऐकायला."

"इडेला, तुला माहीत नाही…"

"मला माहीत नाही?" तिनं पिशवीत हात घातला आणि स्क्रू फिरवायचं पेचकस काढून त्याच्यापुढे ठेवलं. "अरे बाबा, मी तिथे उभी होते. लग्नाला आठवडा होता. तू पट्टी उघडून आम्हाला तीन ठिपके दाखवलेस आणि म्हणालास, हे म्हणजे मी. रुबेननं तुला एल्कची अख्खी मांडी दिली होती. मला वाटलं होतं, इतका ऐटबाज माणूस या गावात कसा काय मावतो!"

अर्विडनं पेचकस थोडं बाजूला सारलं.

"रुबेनला विचारत होते मी दर वर्षी, चल ना, आपली नेऊ या. तर म्हणायचा, नको, त्याला तोंडावर कशाला पाडायचं. फार मऊ होता तो. मी रुबेन नाही."

"आणि हे आता इथे… या सगळ्यांसमोर…" अर्विड म्हणाला.

"सगळ्यांसमोर काय!" डेल म्हणाला. तो आता उठून पुढे आला होता. "आमच्या आजोबांच्या रायफलीतही तीन ठिपके आहेत. पट्टी सैल झाली म्हणून बाबांनी उघडली होती. मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून ठाऊक आहे मला."

"आमच्याही," कॉफीच्या किटलीमागून एक बाई म्हणाली.

"आमच्या दोन आहेत. दोन्हींत."

अर्विडनं तळघरभर नजर फिरवली. तीस हिवाळे ही माणसं इथे बसून लेफ्सा खात होती, आणि स्वतःला गाढव, आंधळं, कर्मदरिद्री म्हणणारा माणूस दहा डॉलरमध्ये बघत होती. प्रत्येक चेहरा आनंदानं फुललेला. त्यात दुष्टावा शोधून सापडत नव्हता, आणि दया म्हणावी तर तीही नव्हती.

"मग सांगितलं का नाहीत?" तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता की," डेल म्हणाला.

अर्विडनं पेचकस उचललं. खाचेत पातं बसवताना तो थांबला. सवय म्हणून त्यानं आधी खाच फुंकून साफ केली. पट्टी निघाली. तिथे लाकडावर तीन ठिपके होते, सरळ रेषेत, तरुण माणसानं फार काळजीनं ठोकलेले.

"अठराशे," अर्विड म्हणाला. "फार तर. घासली नसती तर पाच हजार होते. एका गाढवानं…" तो थांबला. "मी घासली. मला वाटलं, सुंदर दिसेल."

"दिसली ना," इडेला म्हणाली. "आमच्या लग्नात नवऱ्या दोन होत्या, असं सासूबाई म्हणायच्या."

व्हिटकॉम मघापासून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. "पण मला ही अशी चकचकीतच आवडली," तो म्हणाला. "त्या तपकिरी असतात ना, त्या मळक्या दिसतात. मी पाच हजार द्यायला तयार आहे."

जमलेल्या सगळ्या माणसांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की तो बिचारा चेकबुक खिशात ठेवून कॉफी घ्यायला निघून गेला.

"तसंही विकायची नाहीच," इडेला रायफल गोधडीत गुंडाळत म्हणाली. "मला फक्त बघायचं होतं, माझ्यासमोर तू काय करतोस. खोटं बोलायला लागलास तेव्हा वाईट वाटलं. थांबलास तेव्हा बरं वाटलं." मग तिची नजर त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. "ती तिकिटं कसली?"

अर्विडनं खिशावर हात ठेवला. "लुटेफिस्कची."

"दोन?"

"एक माझं. दुसरं… गाढवाशेजारी बसायला जी तयार असेल तिचं."

इडेलानं गोधडीची गाठ मारली, रायफल काखेत घेतली आणि म्हणाली, "तो मासा मला जन्मात आवडलेला नाही. बटाटे असतील ना?"

"असतात."

"मग सहाला ये. गाडीचा हीटर आधी सुरू करून ठेव."

गोष्ट इथे संपली असती, तर माणूस खरं बोलला आणि त्याचं भलं झालं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण पुढच्या वर्षीच्या पारखीला अर्विड खरंच सुधारून आला. घासलेली रायफल समोर आली की शांतपणे म्हणायचा, "ही मी घासली आहे. माझी चूक. निम्मा भाव." मालक म्हणायचा, "असू दे, असू दे." आणि पुढचा माणूस यायचा. कुणी हसलं नाही. नुसते ऐकायला येणारे दुपारीच उठून गेले. डब्यात इतके कमी पैसे जमले, की नवी भट्टी राहिली बाजूला, जुनीच्या दुरुस्तीचा खर्चही निघेना.

त्याच्या पुढच्या वर्षी पारखीच्या दोन दिवस आधी चर्चचे पास्टर लोवेल अर्विडच्या घरी आले. भला माणूस, पापाच्या कबुलीवर फार सुंदर प्रवचनं द्यायचे. टोपी हातात फिरवत बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलले. इडेला स्वयंपाकघरात लेफ्सा लाटत होती; आता ती बहुतेक तिथेच असायची.

"अर्विड," पास्टर शेवटी म्हणाले, "तुम्ही जे केलंत, ते मोठं काम आहे. मी त्याच्याबद्दल देवाचे आभार मानतो. पण… ते आधीचं होतं ना… ते गाढव… चर्चच्या दृष्टीनं बघता…"

स्वयंपाकघरात लाटणं थांबलं, आणि मग इडेलाचं हसू ऐकू आलं.

शनिवारी तळघर भरलं होतं. डेल होव्लंडनं आपल्या आजोबांची रायफल मुद्दाम सगळ्यांत आधी पुढे ठेवली. अर्विडनं डोळे मिटून दरोडेखोराची गोष्ट ऐकली. क्रमांक बघितला, कडेवरून अंगठा फिरवला. पास्टर भिंतीकडे बघत होते.

अर्विडनं इडेलाकडे पाहिलं. तिनं ताटातली एक लेफ्सा गुंडाळून त्याच्यापुढे सरकवली आणि हनुवटीनं खूण केली : चालू दे.

"कुण्या गाढवानं," अर्विड म्हणाला, आणि पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.